सरमेचे पिल्लू

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून पंचवार्षिक योजनांपर्यंत अनेक विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले आहेत. अशा ठिकाणी उभे राहून मी कुत्र्याच्या एका पिल्लाविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. पण आपल्या महाभारताचा आरंभ कशाने होतो, याचे थोडे स्मरण करावे. आदिपर्वात एक छोटी कथा आहे. जनमेजय राजाचे सत्र चालू असता तेथे एक पिल्लू आले. राजाच्या तिघा भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. तिने आधी पिल्लालाच विचारले, तू काही अपराध केलास का? ते म्हणाले, हविर्द्रव्य चाटले तर नाहीच, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग ती सत्रात गेली, निरपराध लेकराला का मारलेत असे तिने विचारले, उत्तर मिळाले नाही, आणि तिने शाप दिला. जनमेजयाला त्या शापाची मोठी धास्ती पडली.

ही कथा मी विद्यार्थिदशेत वाचली होती. तिचा अर्थ मात्र मला पन्नाशी उलटल्यावर, सात समुद्रांपलीकडे समजला.

माझी कन्या आणि जावई अमेरिकेच्या पश्चिमेकडील आयडाहो राज्यात राहतात. जावईबापू गुरांचे डॉक्टर आहेत. तो सारा मुलूख गवताळ टेकड्यांचा आणि रँचचा. रँच म्हणजे शेकडो, प्रसंगी हजारो एकरांवर पसरलेले गुरामेंढरांचे खासगी रान. साठलेली अर्जित रजा घेऊन आम्ही उभयता एका उन्हाळ्यात अडीच महिने तेथे जाऊन राहिलो. त्याच सुमारास शेजारच्या रँचवरील एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या कामाच्या कुत्रीचे आठ आठवड्यांचे पिल्लू जावयांना दिले. ती मादी होती. तिचे नाव ठेवण्याचा मान मला मिळाला आणि मी तिला ‘सरमा’ म्हटले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली सरमा पणींनी दडवलेल्या गाईंचा माग काढीत गेली होती. गुराख्याच्या कुत्रीला याहून योग्य नाव कोणते?

या जातीला ‘ऑस्ट्रेलियन शेफर्ड’ म्हणतात. नावात ऑस्ट्रेलिया असला तरी तिची घडण अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रँचवर झाली. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क लोक मेंढपाळ म्हणून त्या भागात येऊन स्थायिक झाले. त्यांच्याशी आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या मेंढरांशी या नावाचा संबंध जोडला जातो. १९५० च्या दशकात आयडाहोच्याच जे सिसलर नावाच्या गृहस्थांनी आपल्या कुत्र्यांचे खेळ रोडिओच्या मैदानांवर करून दाखविले आणि या जातीला देशभर ओळख मिळाली. १९५७ साली तिची स्वतंत्र संस्था निघाली. पुढे १९९१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिला मान्यता दिली, तेव्हा कित्येक पशुपालकांनी त्यास विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, प्रदर्शनात रूप पाहिले जाईल आणि कामाची परीक्षा मागे पडेल. आजही दोन्ही वंश वेगळे ओळखू येतात. आमची सरमा कामाच्या वंशातली होती. अंगावर निळसर राखाडी ठिपक्यांची उधळण, एक डोळा तपकिरी, एक निळा.

आता ‘कामाचा वंश’ म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावर कुत्री असतात, हिमालयात गद्दींच्या कळपाबरोबर असतात. बिबट्यापासून रक्षण व्हावे म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टेही घालतात. पण ती कुत्री राखण करणारी. मेंढरे हाकण्याचे काम धनगर स्वतःच आपल्या हाळीने आणि काठीने करतो. हाकणारे कुत्रे ही निराळी गोष्ट आहे. रेमंड कॉपिंजर या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांनी हा फरक फार चांगला उलगडला आहे. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे असतात : सावज हेरणे, रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे. हाकणाऱ्या कुत्र्यांत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिले टप्पे बळकट केले आणि शेवटचे दुबळे केले. म्हणजे मेंढरू वळवणारे कुत्रे ही थांबवून ठेवलेली शिकार होय. सीमाप्रदेशातील बॉर्डर कॉली नजरेच्या धाकाने, जमिनीलगत दबून मेंढरे वळवते. आमच्या सरमेची जात उभ्या अंगाने, जवळ जाऊन काम करते. गाय हलेना, तर तिच्या मागच्या पायाला, खुराच्या किंचित वर दात टेकवायचा आणि लाथ येण्यापूर्वी खाली दबायचे, ही तिची उपजत विद्या.

आणि ह्याच विद्येने आमच्या घरात अनर्थ घडविला.

माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती. एके संध्याकाळी ती अंगणात धावत सुटली. सरमा जेमतेम अकरा आठवड्यांची. ती मागून गेली, वळसा घेऊन पुढे आली, पोरगी थांबेना म्हणून मागे वळली आणि टाचेला दात लावला. पिल्लाचे दात सुईसारखे असतात. रक्त आले, पोरीने आकांत केला, आणि मी पायातली चप्पल काढून त्या पिल्लाला दोन तडाखे हाणले. ते किंचाळले आणि ओसरीखाली जाऊन बसले.

रात्री घरात गंभीर विचारविनिमय झाला. कन्येने पिल्लू परत द्यायचे ठरविले. माझा दुजोरा होताच. दुसऱ्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी पोरीची टाच पाहिली, मग ओसरीखाली वाकून पाहिले. ते एवढेच म्हणाले, “जखम टाचेला आहे. पोटरीला नाही, हाताला नाही. हिच्या आईला हे शिकवायला मला कधी वेळ खर्चावा लागला नाही. तुम्ही हिला ती आपल्या आईची मुलगी आहे म्हणून मारलेत. न्यायची तर मी आत्ता नेतो. पण चूक कोणाची, हे आधी ठरवा.”

बंधुभगिनींनो, तीस वर्षे शासकीय सेवेत मी चौकशा केल्या, अहवाल लिहिले; प्रथम अपराध सिद्ध करावा, मग शिक्षा द्यावी, हे इतरांना शिकविले. सरमेने पिल्लाला विचारलेला प्रश्न मी मात्र विचारला नव्हता. त्यापूर्वीच्या तीन आठवड्यांत माझ्या हलत्या धोतराच्या सोग्यामागे ते पिल्लू धावे, तेव्हा हसून टाळ्या वाजविणारा मीच होतो!

मी त्यांना पिल्लू ठेवण्याची विनंती केली. ते म्हणाले, मग वागणे तुम्हा सर्वांना बदलावे लागेल. त्यांनी सांगितलेले नियम साधे होते. पहिला, झोप. एवढे पिल्लू दिवसाचे अठरा तासही झोपते. जागरण झाले की हट्टी मुलासारखे पिसाळते. तेव्हा त्याला ठराविक वेळी स्वतःच्या जागी, शांत कोपऱ्यात ठेवावे. दुसरा, कामाच्या कुत्र्याला धावणे शिकवावे लागत नाही, थांबणे शिकवावे लागते. दिवसभर चेंडू फेकून त्याला दमविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने त्याचा दम मात्र वाढतो. तिसरा, लांब दोरी. गुरे, मोटार, धावते मूल यांच्यामागे जाण्याची संधीच त्याला मिळू देऊ नये, कारण एकदा लागलेली गोडी सुटत नाही. चौथा, मूल धावू लागले की पिल्लू दोरीवर, आणि पिल्लू मोकळे असले की मुलाने चालावे. मोठ्या माणसाच्या नजरेआड दोघे एकत्र नसावीत. पाचवा, हाक मारली की नेहमी चांगलेच घडावे. रागावण्यासाठी बोलावू नये.

या पाचव्या नियमाने माझी परीक्षा पाहिली. कारण सरमा आता माझ्याकडे येईना. मी हाक मारली की ती जागच्या जागी थांबे आणि माझ्या पायांकडे पाही. मी चप्पल काढून ठेवू लागलो. रोज सकाळी अंगणात जमिनीवर बसून, तिच्याकडे न पाहता, हातावर मांसाचा तुकडा घेऊन थांबू लागलो. जन्मभर शाकाहारी माणूस, पण इलाज नव्हता. तुकडा घेऊन ती पळे. दहाव्या दिवशी तिने तुकडा खाल्ला आणि आपली हनुवटी माझ्या पावलावर ठेवली. त्या क्षणी मला काय वाटले, ते सांगण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

या काळाचे महत्त्व पुढे मला जावयांनी समजावून दिले. स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अमेरिकेतील मेन राज्यात दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाशी ओळख करून घेण्यास विशेष मोकळे असते, असे त्यांना आढळले. माझे तडाखे नेमके त्याच खिडकीतून आत गेले होते.

दुसरा प्रकार औषधाचा. या जातीतील सुमारे निम्म्या कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष असतो. ‘एमडीआर-१’ नावाच्या जनुकात बिघाड असल्यामुळे काही औषधे मेंदूत शिरतात आणि तेथून बाहेर फेकली जात नाहीत. वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये हे उघडकीस आणले. घोड्यांना जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याला मोठ्या मात्रेत घातक ठरते. औषध दिलेल्या घोड्याची लीद खाल्ली तरी विषबाधा होऊ शकते. गालाच्या आतला फाया घेऊन याची चाचणी करता येते. आपल्याकडे गोचीड आणि खरूज यांवर हे औषध सर्रास टोचतात. म्हणून ज्यांच्या घरी कॉली वा शेफर्ड असेल, त्यांनी डॉक्टरांना आधी हे विचारावे. तसेच ठिपकेदार रंगाच्या दोन कुत्र्यांचा संकर कधी करू नये. चारांत एक पिल्लू दोन्हीकडून तोच गुण घेते आणि पुष्कळदा आंधळे वा बहिरे निपजते. सुंदर रंगाच्या मोहापायी हे पाप घडते.

आता एक गंमत. सरमेला आज्ञा कोणत्या भाषेत द्याव्यात, असा प्रश्न निघाला. कुत्र्याला शब्द नव्हे, ध्वनी कळतो. तेव्हा आम्ही ‘ये’, ‘थांब’ आणि ‘बस्स’ हे तीन शब्द ठरविले. आमची नात आमच्याशी बोलताना मराठी समजे, पण उत्तर इंग्रजीत देई. सरमेला मात्र इंग्रजी चालत नव्हते! एका महिन्यात पोरगी अंगणात मराठीत ओरडू लागली. आजीने दोन वर्षे दूरध्वनीवर केलेल्या विनवण्यांनी जे साधले नव्हते, ते पिल्लाने साधले. भाषाही कामाला लावली की जगते. नुसती जपून ठेवली तर कपाटात राहते.

आम्ही ऑगस्टमध्ये परतलो. सरमेला लगेच गुरांत सोडले नाही. हाडे पक्की होण्याआधी पिल्लाला गाईची लाथ बसली, तर हाडांबरोबर धैर्यही मोडते. ती वर्षाची होत आली तेव्हा, पुढच्या मार्चमध्ये, त्या वृद्ध गृहस्थांनी तिला लहानशा गोल कुंपणात पाच शांत मेंढ्यांसमोर उभे केले. कन्येने चित्रफीत पाठविली. सरमा प्रथम वेड्यासारखी मध्ये घुसली, मेंढ्या उधळल्या. दुसऱ्या खेपेसही तेच. तिसऱ्या खेपेस तिने आपणहून वळसा रुंद केला आणि मेंढ्या गोळा होऊन त्या गृहस्थांच्या पायांशी आल्या. तेवढ्यात कुंपणाबाहेरून एक बारीक आवाज आला, “बस्स, सरमा, बस्स!” आणि ती थांबली. हे तिला कोणी दाखविले नव्हते. ते तिच्यात होतेच. थांबणे तेवढे आम्ही शिकविले होते.

अलीकडे आपल्या शहरांतूनही अशी पिल्ले भारी किंमत देऊन सदनिकांत आणली जातात. माझे सांगणे इतकेच, की रूप पाहून असे पिल्लू घेऊ नये. दाट केसांचे, दिवसभर काम मागणारे ते जनावर चैत्र-वैशाखाच्या उन्हात चौथ्या मजल्यावर कोंडले की भिंती कुरतडते, सावल्यांमागे धावते, आणि मग त्याला वाईट चालीचे ठरवून हाकलून देतात. ज्यांना कुत्र्याचे प्रेम हवे आहे, त्यांच्या दाराशी आपले गावठी पिल्लू उभे असते. या हवेला सरावलेले, थोडक्यात समाधानी. लस टोचा, अन्न द्या, नाव द्या. ते घर राखील.

आपणही आपल्या मातीपासून दूर येऊन मुले वाढवीत आहोत. त्यांच्या अंगी काय आले आहे, ते आपल्याला नेहमीच ओळखता येते असे नाही. आणि जे ओळखता येत नाही त्यावर हात उगारण्याची घाई आपल्याला फार. हात उचलण्याआधी सरमेचा प्रश्न एकदा विचारावा, एवढेच मी त्या अंगणात शिकलो. तो तिने आपल्या लेकराला विचारला होता, आणि लेकराचे उत्तर पुरते ऐकून घेतले होते.