लहरींची मागणी टेलपासून मोजा

पोलीस बिनतारी, अग्निशमन, महसूल, पाटबंधारे आणि आरोग्य खात्यांतून आलेले अधिकारी, हौशी रेडिओवाले मित्र आणि माझ्या तालुक्यातले पोलीसपाटील, कोतवाल, सरपंच मंडळी,

नगरहून शेवगावला येताना वाटेत मोबाइलची रेंज दोन-तीनदा गेली असेल, तर राग मानू नका. विषयाची प्रस्तावना परस्पर झाली, माझं काम तेवढं हलकं झालं.

आपत्तीच्या वेळच्या संपर्कासाठी लहरी किती लागतील हे ठरवणारी ही परिषद पुणं-मुंबई सोडून इथं कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आमचा तालुका कागदोपत्री दुष्काळी. उन्हाळ्यात नंदिनीच्या पात्रातून आम्ही चपला न काढता जातो. त्याच नदीनं ३१ ऑगस्ट २०२१ ला आखेगाव, खरडगाव, वरूर, भगूर या गावांची दाणादाण उडवली. जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. दुसऱ्या अंगाला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचं पाणी, आमच्या शिवाराला भिडलेलं. अशा रात्री आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि जनरेटरला डिझेल न्यायचा रस्ता पाण्याखाली असतो. एका फोनवर गावभर सूचना देणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा आपल्या जिल्ह्यात चोर-दरोडेखोरांच्या वेळी फार कामी आली आहे. पण तिचाही जीव त्याच टॉवरमध्ये अडकलेला.

माळीण आठवा. ३० जुलै २०१४. डोंगर खचला, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकानं. नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तर पुढं गावच नाही. त्या सकाळी आपली बिनतारी यंत्रणा म्हणजे ती एसटी होती! गाडी त्या दिवशी आली नसती तर?

आता रेडिओ लहरींकडे, म्हणजे स्पेक्ट्रमकडे, येतो. मी तज्ज्ञ नाही, कॅनॉलवरचा शेतकरी आहे; त्यामुळे स्पेक्ट्रम म्हटलं की मला पाण्याची पाळीच दिसते. पाणी मर्यादित, मागणारे फार, आणि कालव्याच्या तोंडाशी बसलेला हेडवाला पोटभर पितो तेव्हा शेवटच्या टोकाची, म्हणजे टेलची, चारी कोरडी. मोबाइल कंपन्या लिलावात पैसे मोजून लहरी घेतात, ते रीतसरच आहे. पण आग विझवणारा, बोट घेऊन निघालेला जवान लिलावात बोली कुठून लावणार? दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१८ मध्ये आपत्ती निवारणासाठी ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाण्या-येण्याच्या दोन्ही दिशांना दहा-दहा मेगाहर्ट्झ राखून ठेवा, अशी शिफारस केली होती. शिफारस चांगलीच आहे. पण पाटकऱ्याकडे नमुना नंबर सात भरताना आम्हाला पीक कोणतं, क्षेत्र किती, हे लिहावं लागतं. तुमच्या मागणी अर्जात काय लिहिणार, ते या दोन दिवसांत ठरावं.

त्यात रोजची सरासरी लिहू नका, एवढी विनंती आहे. ओढ्यावरचा पूल कोणी सरासरी पाण्यावर बांधत नाही. माणसाच्या बोलण्याला साडेबारा किलोहर्ट्झचं एक चॅनेल पुरतं. ड्रोनवरून चालतं चित्र धाडायचं तर मेगाहर्ट्झ लागतात. दोन्हींची गरज एकाच रात्री, एकाच गावात, एकदम पडते. आणि पोलिसाचा सेट अग्निशमनवाल्याच्या सेटशी बोलत नसेल, तर वाढीव लहरी घेऊन दोघं आपापल्या जागी ओरडत बसतील. न्यूयॉर्कसारख्या शहरात २००१ साली, जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यावेळी, हेच झालं. आपण कोण लागून गेलो?

सिंचनात पाणी टेलकडून हेडकडे द्यावं असा दंडक आहे. पाळतात किती, ते सोडा. पण लहरींची मोजणी तशीच व्हावी असं मला वाटतं. कोतवालाला रात्री दोन वाजता कोणाला हाक मारावी लागते, ती तहसीलच्या नियंत्रण कक्षात कोण ऐकतं, तिथून धरणावर कशी जाते, हे आधी लिहा. मेगाहर्ट्झचा आकडा त्याखाली येईल. किल्लारीच्या भूकंपात, १९९३ साली, हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाले आपले संच आणि बॅटऱ्या घेऊन पोचले होते. असे लोक तुमच्या यादीत कोणत्या रकान्यात बसतात, तेही पाहा.

पहिली रांग आम्ही मुद्दाम कोतवाल आणि पोलीसपाटलांसाठी ठेवली आहे. दुपारच्या सत्रात आधी त्यांना बोलू द्या, तक्ते नंतर दाखवा. व्यवस्थेत उणं-दुणं आढळलं तर ते माझ्या पदरात घाला. जेवण एक वाजता आहे. बाजरीची भाकरी आणि आमटी. आमटी जहाल तिखट झाली आहे, ही पूर्वसूचना मी वेळेत देऊन ठेवतो.