परसातला आंबा आणि फळमाशी

आंबा बाहेरून पिवळाधमक, पण कापला की आत पांढऱ्या अळ्या! अशा वेळी ‘कोणते औषध मारू?’ असे मला बरेच जण विचारतात. आधी कारण ओळखा. गर पांढरट, स्पंजासारखा असून अळी नसेल, तर तो साका. त्यात किडीचा दोष नाही. अळी असेल, तर ते काम फळमाशीचे. पक्व होत आलेल्या फळाची साल टोचून मादी आत अंडी घालते. गरातल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. विष मात्र घरच्यांच्या पोटात जाऊ शकते. म्हणून माझे सांगणे, गळलेली फळे रोज वेचा आणि खोल पुरा. नाहीतर त्यांतल्या अळ्या मातीत कोषात जातात आणि माश्या होऊन पुन्हा झाडावर येतात.

झाडाला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा टांगा. त्यातल्या मिथाइल युजेनॉलला फक्त नर भुलतात. म्हणून शेजाऱ्यांनीही तो लावला, तर गुण अधिक. फळे झाडावर पिकू देऊ नका. तयार होताच उतरवून अढीत घाला. याच माशीपायी २०१४ साली युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात काही महिने रोखली होती. तेव्हा परसातल्या एका झाडाचीही हयगय नको.