चिमुकल्या संगणकाची पहांट

मोठ्या वाड्यांत पहांटे सर्वांआधीं कोण उठतें हें ठाऊक नसेल, तर त्या वाड्याचा दिनक्रम उलगडत नाहीं. रास्पबेरी पाय या संगणकाचेंहि तसेंच आहे. इंग्लंडांतील केंब्रिज येथील मंडळींनीं तयार केलेला हा चिमुकला संगणक २०१२ सालच्या २९ फेब्रुवारीस विक्रीस आला. तो चालतो लिनक्सवर; परंतु ती प्रणाली त्याच्या पोटांत नसते, एसडी कार्डावर असते, आणि दुखणें तेथेंच आहे.

पुनःपुन्हां लिहून कार्ड झिजतें. लिहीत असतांनाच वीज गेली तर कधीं कधीं त्यावरील सारा कारभार विसकटतो. एखाद्या शाळेंत पावसाच्या नोंदी महिनोन्‌महिने घेणारें यंत्र एके सकाळीं जागेंच होत नाहीं आणि नोंदीहि त्याबरोबर जातात. म्हणून जाणते लोक हा सारा संसार यूएसबीला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर हलवितात.

पण वीज मिळतांच प्रथम जागा होतो तो मुख्य प्रोसेसर नव्हे, तर चित्रांचें काम पाहणारा त्याचा सोबती! चिपमध्यें कारखान्यांतच कोरलेल्या आज्ञांप्रमाणें तो कार्डावरील ‘बूटकोड’ नांवाची फाइल शोधतो. ती पुढच्यास उठविते, आणि सर्वांशेवटीं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा होतो. पहिल्या बोर्डांवरील या पहारेकऱ्यास बाहेरची डिस्क ओळखतांच येत नाहीं, आणि कोरलेलें तर पुसतां येत नाहीं. तेव्हां तडजोड अशी कीं, कार्ड देवडीपुरतें ठेवावें आणि ‘सीएमडीलाइन’ फाइलींत लिनक्सच्या मूळ विभागाचा पत्ता डिस्कवरचा द्यावा. तेथेंच ‘रूटवेट’ हा शब्द हवा. नाहींतर डिस्क तयार होण्यापूर्वींच कर्नल तिला शोधून हताश होतो. कार्डावर मग क्वचितच लिहिलें जातें व तें पुष्कळ टिकतें.

२०१६ सालच्या पाय ३ मध्यें पहारेकरी डिस्क ओळखूं लागला, पण ती परवानगी एकदांच लिहितां येणाऱ्या स्मृतींत एक खूण करून द्यावी लागे. ही खूण पुन्हां पुसतां येत नाहीं, हें ऐकून नवशिक्याचा हात थबकतो. तें भय व्यर्थ आहे. कार्डावरून उठण्याची संवय तिनें जात नाहीं. २०१८ च्या ३ बी प्लसला ती कारखान्यांतच केलेली असते. २०१९ च्या पाय ४ मध्यें या आज्ञांचा पुढचा भाग पुन्हां लिहितां येणाऱ्या वेगळ्या चिपमध्यें गेला; डिस्कवरून उठण्याची विद्या मात्र त्याला २०२० सालीं मिळाली. त्यापूर्वीं घेतलेला बोर्ड एकदां कार्डावरूनच उठवून सुधारून घ्यावा लागतो.

इतकें करूनहि डिस्क उठत नसेल, तर कारण पुष्कळदां साधें असतें: भूक. पाय ३ च्या चारहि यूएसबी जोडण्यांना मिळून १.२ अँपिअरपर्यंतच वीज मिळते, आणि फिरती डिस्क सुरू होतांना एकदम मोठा घांस घेते. तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब दिला कीं काम भागतें. अवचित वीज जाण्याचें भय मात्र डिस्कलाहि आहेच. त्या शाळेनें पावसाच्या नोंदींची एक प्रत तिसऱ्याच ठिकाणीं ठेवावी.