मोतीबिंदू : भिंगाची निवड



‘मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू’ ही समजूत आता टाकून द्यावी. नित्याची कामे अडू लागली की शस्त्रक्रिया करून घ्यावी. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात प्रथम कृत्रिम भिंग बसविले. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने ते गरिबांच्या आवाक्यात आणले.

एककेंद्री भिंगाने सहसा दूरचे स्पष्ट दिसते. वाचनास चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज कमी होते, परंतु रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडले असल्यास ते सहसा टाळावे. लेसरने छेद अचूक होतो. तथापि त्यामुळे दृष्टी नेहमीच्या कुशल शस्त्रक्रियेहून अधिक चांगली होते, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा महागड्या भिंगापायी कर्ज काढू नये. आपले काम शेताचे की वाचनाचे, हे मात्र डॉक्टरांस आधी अवश्य सांगावे.