मंजूर किती, भरलेली किती



 स्नातकांनो, लातूरच्या उन्हाळ्यात हे गाऊन अंगावर घेऊन पाहुण्याचं भाषण ऐकायचं म्हणजे तीही एक परीक्षाच, त्यामुळे फार ताणत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आता पुण्याला, मुंबईला, कोणी हैदराबादला जाल. तिथे ओळख होताच विचारतील, "कुठलं कॉलेज?" तुम्ही लातूर म्हणालात की समोरचा "अरे वा, पॅटर्न!" म्हणेल, म्हणजे इथल्या सराव परीक्षांची आणि निकालांची ख्याती त्याला आठवेल. तुमच्याच शेजारी बसलेल्या मुलाने दुर्गम अहेरी किंवा धडगाव म्हटलं, तर विषय बदलेल. तुम्ही दोघांनी काय शिकलंय हे त्याने कुठे पाहिलेलं असतं? गावाच्या नावावरून त्याने हिशेब करून टाकलेला असतो. विभागांची, शाळा-कॉलेजांची ही तुलना कोण करतं, कशासाठी करतं आणि तिचं बिल शेवटी कोणाच्या नावावर फाडलं जातं, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी थोडी तारखांची उजळणी करू. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, नागपूरचं १९२३ चं, पुण्याचं १९४९ चं. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली, म्हणजे मुंबईनंतर एकशे एक वर्षांनी. तोवर निजामाच्या राज्यात पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानिया गाठायचं, आणि तिथलं शिक्षण उर्दूतून. निजामाचं राज्य भारतात आणणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांच्या आत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. ज्या घरांत आधी कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरांतली मुलं तिथे बी. ए. झाली. आणि गडचिरोली? तिथलं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. अशा संस्था एका तक्त्यात एकाखाली एक मांडायच्या असतील, तर तक्त्याच्या डोक्यावर निदान ही सालं तरी लिहावीत.

तुलनेला माझा विरोध नाही. उलट या भागाला जे काही मिळालं, ते तुलना करूनच मिळालं. विभागांना न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराच्या मुळाशी तुलनाच होती. राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची नावं घेऊन तंत्रशिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणाच्या न्याय्य सोयींची भाषा आहे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. तिने रस्ते, सिंचन, वीज यांच्या जोडीला सामान्य शिक्षण आणि तंत्रशिक्षणही मोजलं. रीत सरळ होती. राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचं आणि ती तूट रुपयांत मांडायची. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे पानटपरीवरही बोलला जाऊ लागला. त्या पद्धतीत उणिवा होत्याच. वर्ग किती ते मोजता येत होतं, पण वर्गात मास्तर आहे की नाही ते दिसत नव्हतं. जिल्हा हे एकक धरलं की जिल्ह्याच्या पोटातला कोरडा तालुका झाकला जातो. पुढे प्रादेशिक असमतोलावर नेमलेल्या केळकर समितीने तालुक्यापर्यंत उतरायचा आग्रह धरला, तेव्हा इकडे बरीच ओरडही झाली. पण दांडेकरांच्या तुलनेचा रोख स्पष्ट होता. ती सरकारला विचारत होती, तुम्ही इथे दिलंत किती?

आता दुसऱ्या तुलनेकडे या. २०१६ पासून दरवर्षी एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी येते आणि वर्तमानपत्रांचं पहिलं पान भरतं. तिचे निकष एकदा वाचा, करमणूक होते. 'व्याप्ती आणि समावेशकता' या सदरात परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत. म्हणजे निलंगा, औसा, अहमदपूरच्या मुलामुलींसाठी काढलेल्या कॉलेजात निलंगा, औसा, अहमदपूरचीच मुलंमुली शिकत असतील, तर त्या रकान्यात भोपळा. दहा टक्के वजन लौकिकाला, म्हणजे लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं त्याला. जी संस्था कोणी पाहिलेलीच नाही तिच्याबद्दल काय वाटणार?

त्याहून गंभीर रकाना शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचा. मूल्यमापनाच्या कामाने मी बऱ्याच अनुदानित महाविद्यालयांत फिरलो आहे. दारात रांगोळी, भिंतींना ओला रंग, फाइलींना नवे फ्लॅप. मग हजेरीपत्रकं मागवायची, त्यात खरी कथा असते. एका भौतिकशास्त्र विभागात मंजूर पदं पाच होती. त्यांपैकी एकच भरलेलं, आणि तेही निवृत्तीला आलेल्या सरांचं. बाकीचे तास सीएचबीवाल्यांचे, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्यांचे. त्यांतल्या एका मॅडमचे तास सोमवार ते बुधवार इथे आणि उरलेले दिवस शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात. प्राध्यापकपदाची सेट परीक्षा झालेल्या, पीएचडी झालेल्या. तासाला ठरलेले पैसे मिळायचे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. त्यांच्या प्रयोगवहीत स्पेक्ट्रोमीटरच्या जुळणीची आकृती इतकी रेखीव होती की मी ती दुसऱ्यांदा उलटून पाहिली. कॉलेजला गुण मात्र पदं रिकामी म्हणून कमी. ती भरायची तर आरक्षणाची बिंदुनामावली तपासून घ्यायची, शासनाचं ना-हरकत मिळवायचं, आणि ते मुंबईहून येतं. दांडेकरांच्या तुलनेच्या रोखाने पाहिलं तर जी तूट सरकारच्या नावावर पडली असती, ती नव्या हिशेबात कॉलेजच्या नावावर पडली. आणि "कुठलं कॉलेज?" हा प्रश्न आला की तुमच्या.

२०२० साली या दोन्ही हिशेबांची गाठ पडली. त्या वर्षी ३० एप्रिलला विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या अनुशेषावर लक्ष ठेवणाऱ्या विकास मंडळांची मुदत संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वैद्यकीय प्रवेशांतलं ७०:३० चं सूत्र रद्द झालं. विभागातल्या सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना, हे सूत्र मुळात मागास भागाच्या संरक्षणाचं म्हणून सांगितलं जाई. पण मराठवाड्यात वैद्यकीय कॉलेजं कमी आणि मार्क मिळवणारी मुलं भरपूर, त्यामुळे इथल्याच मुलांची कोंडी झाली, आणि सूत्र काढा म्हणून आंदोलन मराठवाड्यानेच केलं. मुलं पुढे, जागा मागे. मागास नेमकं कोण, हे त्या वेळी कोणीतरी मोठ्याने विचारायला हवं होतं.

आता लातूरच्या अभिमानाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि मी गप्प बसेन. इथली मेहनत खरी आहे. सराव परीक्षांचा रतीब, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिका, पाण्याच्या टँकरची वाट पाहत अभ्यास करणारी पोरं. पण इथे येतात ती नांदेड, परभणी, बीड, धाराशिवची दहावीतली निवडक मुलं. निवडून घेतलेल्या मुलांच्या निकालाची इतर तालुक्यांच्या सरसकट निकालाशी तुलना करून आपण मिशीला पीळ देतो, तेव्हा पुणेकर आपल्याशी जे करतो तेच आपण अहेरीशी करत असतो. निकालाचा आकडा तर फारच लबाड. २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि निकाल धाडकन खाली आला. तक्त्यात जिल्हा घसरला. त्याच वर्षी तिथल्या मार्कांवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती!

मग मोजायचं कसं? शालेय शिक्षणाच्या 'असर' सर्वेक्षणाची माणसं घरोघरी जाऊन पाचवीतल्या मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात आणि वाचायला सांगतात. शाळेची इमारत, संस्थेचा लौकिक, अध्यक्षांचं आडनाव यांचा तिथे काही संबंध नसतो. मूल वाचतं किंवा अडखळतं. ही मोजणी मला प्रामाणिक वाटते. कॉलेजांसाठी असं काही आपण अजून उभं केलेलं नाही, आणि सगळ्यांच्या सोयीचं आहे म्हणून कोणी घाईही करत नाही.

तोवर एक काम तुम्हाला करता येईल. तुम्हाला आता पदवी आहे, अर्ज लिहिता येतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजबद्दल उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात अर्ज टाका आणि विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिकामं आहे, आणि ते भरण्याचा प्रस्ताव सध्या कोणाच्या टेबलावर आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं नाही तर अपील करा.