पतंग, लाट आणि धक्का

संक्रांत जवळ आली, की आदिलाबादच्या गच्च्या जाग्या होतात. तेलंगणातील कडाक्याच्या थंडीचा विषय निघाला म्हणजे या जिल्ह्याचे नाव प्रथम घेतले जाते. पण त्या दिवसांत सकाळची शाल अंगावरून उतरण्यापूर्वीच मुले चक्री घेऊन वर चढलेली असतात. शहरात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारी माणसे एकमेकांच्या शेजारी नांदतात. पैनगंगेच्या बाजूस बेल्याकडे गेले, तर मराठी अधिक कानी पडते. आकाशात मात्र सर्वांची भाषा एकच असते. तिच्यात शब्द दोनच: खेच आणि ढील.

नवशिक्या मुलास खेचणे आपोआप येते. ढील देणे मात्र शिकवावे लागते. वारा अंगावर आला, मांजा बोटांत रुतू लागला, तरी पतंग हातचा जाईल या भीतीने मूल मूठ घट्ट आवळते. तेव्हा मागे उभा असलेला थोरला भाऊ किंवा काका ओरडतो, ‘‘अरे, सोड! ढील दे!’’ ज्या मुलाला हा शब्द वेळेवर ऐकू येतो, त्याची बोटे शाबूत राहतात.

हेच खेच आणि ढील यांचे शास्त्र आता माणसाने समुद्रावर नेले आहे. काइटबोर्डिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळात खेळाडू पायांखाली एक फळी घेतो, कमरेला पट्टा बांधतो आणि एका प्रचंड पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावतो. त्याला पतंगस्वार म्हणावयास हरकत नाही. आदिलाबादपासून पूर्वेचा काय किंवा पश्चिमेचा काय, कोणताही समुद्र सुमारे पाचशे ते सहाशे किलोमीटर दूर आहे. तरीही या खेळाचे मर्म येथील गच्चीवरच्या मुलाला जितके चटकन कळेल, तितके ते समुद्रकाठच्या पण कधीच पतंग न उडविलेल्या माणसाला कळणार नाही.

पतंगाला जुंपण्याची कल्पना काही आजची नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक या शाळामास्तरांनी 1826 साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले होते. पुढे 1903 साली सॅम्युअल कोडी यांनी पतंगाच्या ओढीवर चालणाऱ्या नौकेतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवायचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील लेगेन्यू बंधूंनी सोडविला. हवा भरून फुगविलेल्या नळ्यांचा, पाण्यावर तरंगणारा पतंग त्यांनी तयार केला आणि 1984 साली त्याचे पेटंट घेतले. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मार्सेयच्या समुद्रावर या खेळाच्या शर्यती प्रथमच झाल्या आणि त्याला ऑलिंपिकचा मान मिळाला.

या पतंगाचे क्षेत्रफळ साधारणपणे सात ते चौदा चौरस मीटर असते, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढे. त्याच्या दोऱ्या वीस ते चोवीस मीटर लांब असतात आणि त्या खेळाडूच्या हातातील दांडीला जोडलेल्या असतात. दांडी जवळ ओढली की खेच; पुढे लोटली की ढील. याशिवाय पट्ट्यावर सुटकेची एक कळ असते. ती दाबताच पतंगातील जोर नाहीसा होतो आणि तो एकाच दोरीवर फडफडत पाण्यावर पडतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर दुसरी कळ दाबून तो पतंग कायमचा सोडून देता येतो. जाणते शिक्षक विद्यार्थ्याला उड्या शिकविण्यापूर्वी ही कळ डोळे मिटून सापडेल, इतका सराव करवून घेतात. पतंग धरून ठेवण्याची विद्या तिच्यानंतर येते.

याचे कारण वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी बावीस किलोमीटरचा सुखद वारा एखाद्या काळ्या ढगाखाली ताशी चव्वेचाळीस झाला, तर एका माणसाच्या जागी चौघे दोरी ओढीत असल्याप्रमाणे खेळाडू खेचला जातो. वाऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित तिरपा असावा. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा माणसाला आत नेतो. समुद्रावरून सरळ जमिनीवर येणारा वारा त्याला खडकांवर किंवा भिंतीवर आणून टाकतो. गोव्यात मोरजी आणि आश्वे या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो. तो किनाऱ्याला तिरपा असतो, पुळण मोकळी असते आणि लाटाही बेताच्याच असतात. म्हणूनच हा खेळ शिकणारे तेथे जमतात.

परंतु वाऱ्याला दुसरा एक सोबती आहे आणि तो अधिक फसवा आहे. तो म्हणजे दूरच्या समुद्रात जन्मलेली लांब पल्ल्याची लाट. डोळ्यांसमोरचा वारा ज्या लाटा उठवितो, त्या आखूड आणि अस्ताव्यस्त असतात. वारा पडला की त्याही निवतात. लांब पल्ल्याच्या लाटेचे तसे नाही. दक्षिण महासागरातील वादळात ती जन्म घेते आणि वादळ मागे टाकून हजारो किलोमीटर चालत येते. वॉल्टर मंक या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली अशा लाटांचा माग अंटार्क्टिकाच्या बाजूपासून थेट अलास्कापर्यंत काढला होता. जिच्या दोन माथ्यांमध्ये पंधरा सेकंदांचे अंतर असते, अशी लाट खोल समुद्रात माथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे साडेतीनशे मीटर लांब असते. अशा लाटांचा समूह ताशी सुमारे बेचाळीस किलोमीटर, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर मजल मारतो. पाच हजार किलोमीटरवर झालेल्या वादळाचा निरोप त्यामुळे पाचव्या दिवशी किनाऱ्याला पोहोचतो. त्या दिवशी किनाऱ्यावर आकाश निरभ्र असते, वारा मंद असतो आणि माणसे निश्चिंत असतात.

खोल पाण्यात ही लाट नौकेला जेमतेम उचलून खाली ठेवते. उथळ पाण्यात शिरताच मात्र तिची चाल मंदावते, लांबी आखडते आणि उंची वाढू लागते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली, की ती कोसळते. शिवाय या लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मिनिटे समुद्र शांत भासतो आणि मग चार-सहा मोठ्या लाटा पाठोपाठ येतात. ज्याने त्या शांत मिनिटांतच समुद्राची परीक्षा केली, त्याची परीक्षा चुकलीच म्हणून समजावे.

आता या वाऱ्याच्या आणि लाटेच्या मध्ये बंदराचा धक्का उभा आहे, अशी कल्पना करावी. धक्का माणसाने आश्रयासाठी बांधला. भाऊच्या धक्क्यापासून कोकणातील लहानमोठ्या जेटींपर्यंत हजारो माणसांची पोटे त्याच्यावर चालतात. पण जो धक्का आतल्या नौकेला आईसारखा आहे, तोच बाहेरच्या पतंगस्वाराला वैरी ठरतो. सरळ उभ्या भिंतीवर आदळलेली लाट परत फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींना भेटतात तेथे पाण्याची उसळी दुप्पट होऊ शकते. धक्क्याच्या कडेने समुद्राकडे ओढणारा प्रवाह वाहतो. भिंतीच्या आडोशास वारा तुटतो, पतंग कोलमडतो आणि दोऱ्या सैल पडतात. दुसऱ्याच क्षणी वाऱ्याचा झोत येऊन त्या झटक्याने ताणल्या जातात. शेवटी धक्क्यावरचे खांब आणि दोरखंड आहेतच. त्यांत अडकलेली दोरी कळ दाबूनही लवकर सुटेल, असे नाही.

अपघात होतो तो मात्र एका क्षणात नव्हे. प्रथम पतंगस्वार वाऱ्याच्या ओघात हळूहळू धक्क्याच्या बाजूस सरकतो. अजून एक फेरी मारू, मग वळू, असे त्याला वाटते. मग फळी पायांतून निसटते आणि ती परत मिळविण्यात दोन मिनिटे जातात. तेवढ्यात मोठ्या लाटांचा समूह येतो. आता धक्का दोरीच्या लांबीहून जवळ आलेला असतो. कळ दाबावयाची वेळ मात्र पहिल्या पायरीवरच येऊन गेलेली असते. पतंग मोलाचा असतो, काठावर माणसे पाहत असतात आणि हार मानणे जिवावर येते. अशा वेळी माणसाला समुद्राइतकीच त्याची स्वतःची आवळलेली मूठही बुडविते.

कोकणातील कोळी हे फार पूर्वीपासून जाणून आहेत. पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. या संयमाला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. दर्याशी जन्माचा संबंध ठेवावयाचा म्हणूनच तो पाळला जातो.

आज या अनुभवाच्या जोडीला शास्त्रही उभे आहे, आणि गंमत अशी, की ते समुद्रकाठी नाही. आदिलाबादहून नागपूर–हैदराबाद महामार्गाने सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेस गेले, की हैदराबाद लागते. तेथे 1999 साली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र स्थापन झाले. मोठ्या लाटांचे आणि दूरच्या लाटांच्या उधाणाचे इशारे देशभरच्या किनाऱ्यांना याच केंद्रातून जातात. अशा उधाणाला केरळात ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे म्हणतात. 31 मार्च 2024 रोजी केरळच्या किनाऱ्यावर अशाच लाटा चढल्या आणि घरांत पाणी शिरले. ज्या तेलंगणाला समुद्रच नाही, त्या तेलंगणातून कोकणच्या आणि गोव्याच्या कोळ्याला लाटेची वार्ता कळावी, यापरते नवल कोणते?

म्हणून सुट्टीत आदिलाबादहून गोव्याला किंवा कोकणाला निघणाऱ्या तरुणांनी पतंगाची फळी पायांखाली घेतली नाही तरी एवढे करावे. त्या दिवसाचा इशारा वाचावा, स्थानिक कोळ्याला विचारावे आणि उधाणाची लाट पाहण्यासाठी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभे राहू नये. जिल्ह्यातीलच कुंटाला धबधब्याच्या देखण्या डोहाने किती घरांतील मुले नेली, हे येथे कोणाला सांगावयास नको. पाणी गोड असो वा खारे, ते पाहुण्याची ओळख ठेवीत नाही.

संक्रांतीच्या सायंकाळी गच्चीवर उभा असलेला मुलगा वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या आपल्या पतंगाकडे क्षणभर रडवेल्या डोळ्यांनी पाहतो. मग हातातील रिकामा मांजा चक्रीवर गुंडाळून खाली जेवावयास उतरतो. उद्या दुसरा पतंग मिळेल, हे त्याला ठाऊक असते. मोठेपणी, धक्क्याजवळच्या लाटेत, हीच साधी गोष्ट ज्याला वेळेवर आठवते, तो घरी परततो.