विंचू, मण्यार आणि लहान मूल

जव्हार गांवाजवळ शिरपामाळ नांवाचें एक माळरान आहे. सन १६६४ मध्यें सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम येथें पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं महाराजांना मानाचा शिरपेंच अर्पण केला, असें परंपरा सांगते. माळाचें नांवहि त्या शिरपेंचावरूनच पडलें म्हणतात. आज मुंबई-नाशिककडील कुटुंबें मुलाबाळांसह येथें सहलीस येतात. वडील मंडळी इतिहासांत रमलेलीं असतात, आणि मुलें दगड उलथून खालीं काय आहे तें पाहत असतात. दगडाखालीं क्वचित् तांबडा विंचू असतो.

अशा प्रसंगाला अपघात म्हटलें कीं दैवाकडे बोट दाखवून मोकळें होतां येतें. पण मुलांचे अपघात वाटतात तितके आकस्मिक नसतात. प्रत्येकाची वेळ आणि जागा बहुधा ठरलेली असते. शहरांत तें मूल चुलीपाशीं भाजतें, न्हाणीघरांतील भरल्या बादलींत बुडतें, किंवा पाण्याच्या बाटलींत ठेवलेलें रॉकेल पितें. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टींत अपघाताच्या जागा म्हणजे लांकडांची रास, भाताचा पेंढा, कारवीच्या कुडाची फट आणि जमिनीवरील अंथरूण. जागा ठाऊक असली, तर तेथें पहारा ठेवतां येतो.

मुलाला धोका अधिक कां, याचें उत्तर सोपें आहे. विंचू किंवा साप समोरचें माणूस लहान कीं मोठें हें पाहून विष सोडीत नाहीं. तेवढेंच विष लहान शरीरांत गेलें कीं त्याचा जोर कितीतरी वाढतो. शिवाय काय झालें हें तान्ह्या मुलाला सांगतां येत नाहीं, आणि थोडें मोठें मूल मार बसेल या भीतीनें सांगत नाहीं.

तांबड्या विंचवाचें विष शरीराच्या मज्जातंतूंना एकाएकीं चेतवितें. मूल घामानें थबथबतें, वांत्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी धांवूं लागते. नंतर हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी सांचतें व श्वास लागतो. दंशाच्या जागीं वेदना फारशी नाहीं म्हणून निश्चिंत राहणें घातक ठरतें. वेदनेपेक्षां घाम आणि वांती यांकडे लक्ष द्यावें. रायगड जिल्ह्यांत महाडच्या परिसरांत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं असे रुग्ण वर्षानुवर्षें उशाशीं बसून पाहिले. रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध या विषाच्या परिणामावर गुणकारी आहे, हा त्यांचा अनुभव १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पूर्वीं गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकीं पंचवीस-तीस दगावत. पुढें हें प्रमाण शेंकडा चारांच्या खालीं आलें. २०११ सालीं, प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असेंहि त्यांच्या अभ्यासांत आढळलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

मण्यारीची रीत निराळी. ती रात्रीं हिंडते व जमिनीवर निजलेल्यांना चावते. तिचे दांत इतके बारीक असतात कीं दंशाची खूण दिसत नाहीं आणि झोंपहि मोडत नाहीं. पहांटे मूल पोट दुखतें म्हणून रडतें, वांती करतें, मग त्याच्या पापण्या जड होऊन मिटूं लागतात. घरांतील माणसें अपचन समजून ओवा देतात. इकडे विष श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोंचत असतें. खाट आणि चारी बाजूंनीं नीट खोंचलेली मच्छरदाणी, एवढ्या साध्या साधनांनीं हा धोका पुष्कळ टळतो.

दंशानंतर सर्वांत मोठा शत्रु म्हणजे दवडलेला वेळ. मंत्र, मुळी, जखमेवर चिरा देणें, तोंडानें विष ओढणें, आवळून दोरी बांधणें, यांत घटकाच जातात. शिवाय आवळल्यानें व चिरल्यानें अपाय होतो तो वेगळाच. साप चावलेला अवयव, हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधारानें स्थिर ठेवावा, मुलाला चालवूं नये, आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें निघावें. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. सहलीस निघतांनाच जवळचें रुग्णालय कोठें आहे याची चौकशी करून ठेवणें शहाणपणाचें. रॉकेल प्यालेल्या मुलाला मात्र वांती करवूं नये, कारण तें फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो.

मुलानें दगड उलथूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. जिज्ञासा हें बाळपणाचें धनच आहे. दगड हातानें न उचलतां काठीनें उलथावा, बूट झटकून मगच पायांत घालावे, अंधारांत दिव्यावांचून पाऊल टाकूं नये, एवढें त्याला शिकवावें. आणि याहून महत्त्वाचें म्हणजे, कांहींहि चावलें, प्यालें, लागलें तरी तें घरीं सांगितल्यास मार बसणार नाहीं, हा विश्वास त्याच्या मनांत आधींच असावा. धाकापोटीं लपविलेल्या दंशावर वेळेवर उपचार कोणालाहि करतां येत नाहींत.